भिंतीकडेचा वाफा

लव्हाळा उपटला की हातात येतं ते नुसतं पातं.
खाली गाठ राहते,
गाठीला दोरा, दोऱ्याला आणखी गाठ.
अगदी भावकी.

शिरोलीच्या फाउंड्रीतून निवृत्त झालो,
आता कळंब्यात कंपाउंडच्या भिंतीलगत
तीन दिवस झाले खणतोय.
हरळी निघाली, केना निघाला,
गाजरगवताचे दोन भारे.
‘त्याला हात लावू नका, खाज सुटंल,’
राजमती दारातनं सांगते,
भारे बांधून झाल्यावर.

लव्हाळा मात्र भिंतीखालून येतो.
पलीकडं आदगोंडा राहतो, चुलतभाऊ.
भिंत कुणी किती इंच सरकवली
यावरनं नऊ वर्षं बोलणं बंद आहे.
लव्हाळ्याला मोजणी माहीत नाही.

विटा तिरक्या रोवल्या, करवतीच्या दातांसारख्या.
शेणखत दीड पोतं.
पुढं अबोली, मागं कर्दळ,
मधे काय लावायचं ठरेना,
जागा तशीच ठेवली.

झारी ठेवून टेकलो तेव्हा ऐकू आलं,
पलीकडंही खुरपं.
मी खाकरलो,
खुरपं थांबलं.
मग खोकला. आमच्या घराण्याचा,
दोनदा कोरडा, एकदा ओला.

कर्दळीचे कंद उरले होते सात.
ओल्या गोणपाटात गुंडाळून
भिंतीवर ठेवले.
हाक काही मारली नाही.

सकाळी गोणपाट होतं,
चौघडी घालून, वर खडा ठेवलेला.

मांजर कंद नेत नाही.
आणि खायला नेले म्हणावं,
तर आमच्यात कंद कुणीच खात नाही.