धडा

बत्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळतो मी.
आधी भरलेला ट्रक तोलायचा, मग रिकामा.
मधे जे उरतं तेवढंच धान्य,
बाकी लोखंड, डिझेल आणि ड्रायव्हरचं पोट.

म्हणून पाळकसाहेबांनी छापील यादी हातात दिली,
‘हार्लन, पोरीला कुठंही घालू नकोस,
पाटीवर ख्रिस्ती असतं, आत असतंच असं नाही,’
तेव्हा वाटलं, हे काम आपलंच.

साउथ डाकोटातले दीडशे मैल. दोन्ही बाजूंना कापलेला मका.
व्हेरेना खिडकीकडे तोंड करून, कानांत बोळे.

कॉलेज चांगलं होतं. खोटं कशाला बोलू.
दारातच क्रूस, आमच्या घरापेक्षा उंच.
सफरचंदाची झाडं ओळीनं लावलेली;
फळ एकालाही नव्हतं, पण नोव्हेंबर होता.
टॉफ्टे नावाचा तरुण पुढे चालत होता,
हसरा, दात सगळे एका मापाचे,
आणि मी मागून चौकटींत खुणा करत.

उपासना आठवड्यातून तीनदा. हो.
विश्वासाच्या कबुलीवर प्राध्यापकांची सही. हो, दरवर्षी.
मुलांचं वसतिगृह तळ्याच्या या काठाला,
मुलींचं त्या काठाला. हो.
तळं हिवाळ्यात गोठतं, हे यादीत नव्हतं.
जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं, पृथ्वी किती वर्षांची?
त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे किती वेळ आहे?’
तिथं खूण करावी की फुली, कळेना.

आमच्याकडे लोक चांगलं धान्य वर पसरतात.
मग पोकळ सळई खुपसायची, मधोमध, पार तळापर्यंत,
आणि आत येईल ते तळहातावर घेऊन हुंगायचं.
ती सळई त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. पोरीकडे होती.

जेवणघरात, हातात ताट धरून, तिनं विचारलं,
‘मागच्या हिवाळ्यात ब्रीटा मॉसनेसला काढलंत.
तिला घरी कोणी सोडलं?’

टॉफ्टेचे दात दिसेनासे झाले.
तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखे.
तो म्हणाला, आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली.
केलीही असेल. मुलगा वाईट नव्हता.
ब्रीटाच्या बापाचे ट्रक मी वीस वर्षं तोललेत.
पोरगी पोटुशी परत आली, हे गावाला ठाऊक होतं.
कशी आली, हे मीही कुठं विचारलं होतं?

भांड्यांच्या वाफेतून एक बाई पुढे आली, हात पुसत.
इर्मा कोवारिक. आमच्या मंडळीतली नव्हे,
गळ्यात मरियेचं पदक.
कबुलीवर सही नाही; भांडी घासणाऱ्यांकडून घेत नाहीत.
‘मी सोडलं,’ म्हणाली. ‘बर्फ पडत होतं, चार तास लागले.
दोनदा ओकली बिचारी.
दुसऱ्या दिवसाचा पगार कापला माझा. बरोबरच आहे,
सांगून नव्हते गेले.’
मग व्हेरेनाला, आवाज खाली आणून,
‘मुलगा की मुलगी?’
‘मुलगी. केस तांबडे आहेत.’
मला हेही ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर यादी मांडीवर होती.
एकोणीस खुणा, एक चौकट कोरी.
इर्माला कुठल्या रकान्यात घालू?
ती त्यांचा माल, की नुसता धडा,
पारडं सारखं दिसावं म्हणून पलीकडे ठेवलेला दगड?
ती उतरवली तर काटा कुठं जाईल?
व्हेरेना म्हणाली, ‘मला तिथंच जायचंय.’
वीस मैलांनी म्हणाली, ‘किंवा नाही.’
शितावरून भात कळतो म्हणतात. कुठलं शीत,
ते कोणी सांगत नाही.

मॉसनेसच्या फाट्याशी मी गाडी हळू केली.
थांबलो नाही. उशीर झाला होता.
स्वयंपाकघरात दिवा होता त्यांच्या,
आणि कोणीतरी, काहीतरी खांद्यावर घेऊन,
खिडकीमागे येरझाऱ्या घालत होतं.