दहा

मंगळवारी नि शुक्रवारी, बाजार उठता उठता
मी किबुयेच्या औको शिंप्याकडे शिकायला जायची.
त्याच्या ओठांत टाचण्या, गळ्यात टेप,
तरी तो माझ्यापेक्षा स्वच्छ बोलायचा.
फी म्हणून मी त्याच्या बायकोचा रक्तदाब बघायची.

पहिल्याच महिन्यात मी त्याला विचारलं, पोट दुखतं?
तो हसला. विचारलं नाहीस, सांगितलंस.
माझं पोट, आणि तूच मला सांगतेस!
भुवया वर कर, म्हणाला,
प्रश्न तिथे राहतो. हात नुसते शब्द पुरवतात.

आणि प्रसूतिगृहात मास्क, वर टोपी,
मधल्या दोन बोटांच्या फटीत
माझं सगळं व्याकरण.

आकेयो आली ती रात्री अकराला,
मोटारसायकलवर मागे बसून, सात सेंटिमीटर.
दोन कळांच्या मधे सांगत होती,
कळ आली की हात थांबायचे,
ओसरली की तुटलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू:
मागच्या वेळी
सगळं सासूला सांगितलं. मला
फाइल दिली धरायला.
बाळ गेलं ते मला
पाळणा उचलून नेला तेव्हा कळलं.

चेहऱ्यावर काही नाही. भावाची घासाघीस
सांगावी तसं सांगितलं.

मग मोठी कळ आली, आणि मी
बारा वर्षं करते तेच केलं,
तिचा हात घट्ट धरला.
तिने हिसडून सोडवला, माझ्या मनगटावर ओरखडा.
धीर देतेस की
तोंड दाबतेस माझं?

शाळेत म्हणायचे, हाताची घडी, तोंडावर बोट.
बाकीच्या मुलांना त्या दोन गोष्टी होत्या,
तिने मला नंतर सांगितलं. मला एकच.

एक वाजता वीज गेली.
सरोवराकडून नुसता वारा,
आणि ती पहिल्यांदा घाबरली. दुखण्याला नव्हे.
अंधारात आम्ही सगळे मुके,
तिच्यापुरते तरी.
विल्किस्टाने मोबाइलचा टॉर्च लावला, थेट तिच्या डोळ्यांवर.
अगं, तिच्यावर नको, माझ्यावर धर!
माझ्या हातांवर. भुवयांवर.
झाडणारा ओबूरा दाराशी उभा होता,
त्याचाही फोन घेतला, तो खाली, बाळाच्या वाटेवर.
एक दिवा जन्माला, एक बोलण्याला.
बोलण्याच्या दिव्याला अकरा टक्के बॅटरी.

थांब, मी म्हणाले. अजून जोर नको.
श्वास.
आता.
आता, आता!
हातमोज्यांत बोटं जाड होतात, माझा उच्चार बोबडा झाला.
तिने त्या स्थितीतही दुरुस्त केला:
अंगठा आत.
मग जोर लावला.

मुलगी. रडली, चांगली दार हलेल इतकी.
रडते आहे, सांगायला मी हात उचलले,
पण आकेयोचा तळवा आधीच तिच्या पाठीवर होता
आणि तिने मान हलवली:
माहीत आहे. हाताला लागतंय.

विल्किस्टा हळूच म्हणाली, ऐकू येतं का, तपासणीचं लिहू?
माझ्या भुवया आपोआप वर गेल्या,
आकेयोला सगळं कळलं.
थांब, म्हणाली.
टॉर्च जवळ मागवला,
त्या ओल्या चिमुकल्या मुठी उलगडल्या,
एकेक बोट, करंगळीपासून,
पुन्हा एकदा, अंगठे धरून.
दहा, म्हणाली. आणि मग तपासा काय तपासायचं ते.
बोलायला पुरेत.

रजिस्टरमध्ये वजन दोन किलो नऊशे.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून ठेवलं, दहा.
सकाळी मेट्रन विचारत होती,
दहा काय? टाके? मिनिटं? शिलिंग?

माझे हात साबणात होते,
म्हणून गप्प राहिले.