दहा मीटर लाल पट्टी

मेडिकलच्या तळमजल्यावर
कूलरचा वाळा आज तिसऱ्यांदा वाळलाय.
बाहेर मे महिना डांबर मऊ करत बसलाय,
आत सोनबाजी पौनीकर, वय एकोणसत्तर, तांडापेठ,
टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून.

काय काम करत होता बाबा?
"माग होता जी, खड्ड्यातला.
आता खड्डा हाय."

मी गोनिओमीटर उघडते.
प्लास्टिकचे दोन हात, मध्ये एक खिळा,
कंपासपेटीतून पळून आल्यासारखा.
एक हात मांडीला समांतर, एक नडगीला,
खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर.
वाकवा. अजून. अजून थोडं.
अठ्ठ्याण्णव.
"किती पाह्यजे?"
मांडी घालून जेवायला एकशे तीस तरी.
"मंग बत्तीस अंश उपाशी हाव म्हना मी."

मग ताकद. शून्य ते पाच.
शून्य म्हणजे बोटाखाली काहीच नाही.
एक म्हणजे दाराआड कोणी श्वास रोखून उभा.
दोन: पृथ्वीने डोळे मिटले तर पाय हलतो.
तीन: पृथ्वीच्या ओढीविरुद्ध, एकट्याने.
चार आणि पाच माझ्या तळव्याच्या दाबावर ठरतात,
आणि माझा तळवा सकाळी नऊला एक असतो,
दुपारी दोनला दुसरा,
हे कुठल्याच फॉर्मवर लिहीत नाहीत.

कुशीवर वळा. वरचा पाय छताकडे.
चार महिन्यांपूर्वी नळावर घसरले,
उजव्या खुब्यात सळई.
पाय उठतो, थरथरतो, वीतभर वर थांबतो,
माझा हात टेकताच खाली येतो.
तीन, मी म्हणते.
"तिनावर पास करता का?"
सरळ चालायला चार लागतात, बाबा.
"आमच्या टायमाले पस्तीसवर होये."

आता चाला.
भिंतीपासून वजनकाट्यापर्यंत दहा मीटर लाल पट्टी,
कडा निघालेली, मधे मधे काळी.
डावी टाच नीट टेकते.
उजवी टेकतच नाही, अख्खं पाऊल एकदम पडतं;
उजव्यावर भार आला की डावी कंबर खचते
आणि उजवा खांदा झुकून ते झाकायला धावतो.
सव्वीस पावलं, एकोणीस सेकंद.
मी मागून पाहते, बाजूने पाहते,
वाकून, पेन दातात धरून.

परतताना अर्ध्यावर थांबले.
दम लागला?
"नाई. बाई, तुमचा डावा पाय."

माझा?

"माग चालोला का कान पायात येते.
पावडी उशिरा दाबली तं धोटा अडकते, धागा तुटते.
तुमी मघापासून माह्या मागं हा.
उजवा टक, डावा ट...क.
एका दोऱ्याचा उशीर."

साडेचार वर्षांचा अभ्यास, सहा वर्षं नोकरी.
सातव्या वर्षी प्लास्टरमध्ये काढलेला उन्हाळा,
डाव्या बुटात आतून शिवलेला जाड तळ.
वर्गात एकमेकींचे पाय मोजायचे होते
त्या दिवशी मी आजारी पडले होते.
अकरा वर्षं संसार केलेल्या माणसालाही
वाटतं मी अशीच चालते, डौलात.

बाबा, माझ्याकडे नका पाहू. पट्टीकडे पाहा.
"पाहून नाई राह्यलो. आयकून राह्यलो."

मी व्यायाम लिहून दिला:
कुशीवर, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.
"पावडी समजून करतो," म्हणाले.
पुढचा मंगळवार. सुनेनं फाईल पिशवीत घातली,
वॉकर आधी, मग उजवा, मग डावा,
दारातून गेले.
फॉर्मवर निरीक्षणाच्या रकान्यात
त्यांचं सगळं लिहिलं, माझं नाही.

मग कूलरसाठी बादली भरली.
नळापासून खिडकीपर्यंत बारा-तेरा पावलं.
मागे वळून पाहिलं तर
पाणी सांडलेलं, एक पाऊल सोडून एक,
सगळं डाव्या बाजूला.