दुसऱ्या गेटाला

लेथला बटण असतं.
लाल, अंगठ्याएवढं, उजव्या हाताला.
दाबलं की चक गरगरत गरगरत मंदावतो,
तेवढ्यात मी कपाळ पुसून घेतो.
उद्यमबागेत अकरा वर्षं हेच.
घरी कस्तुरी आहे.
तिला बटण नाही. आम्ही शोधून बसलोय.

सकाळी साडेसहाला ती माझ्या पोटावर उभी,
‘पप्पा, उजाडलं की ओ!’
मग पंखा, पाल, काल मेलेलं झुरळ,
सगळ्यांची विचारपूस एका दमात.
दात घासायच्या ब्रशानं चप्पल धुतली जाते,
चप्पल तांदळाच्या डब्यात सापडते,
आणि तांदूळ
अजून पलंगाखालनं निघतायत, परवाचे.

सुवर्णा म्हणते, ‘तुमच्यावर गेलीय.’
नंदगडहून आई फोनवर हसते :
‘त्याच्यावर? तो तर बसवला तिथं बसायचा,
देवळातल्या नंदीसारखा.’
मग आम्ही दोघं
एकमेकांच्या मामा-काकांची नावं घेत बसतो.

नकार मात्र तिच्याकडं पोतंभर.
आम्हाला ‘नको’.
शेजारच्या गंगव्वाला ‘ब्याड’.
अंगणवाडीच्या अक्कांना ‘वल्ले’.
दवाखान्यात तिन्ही, आणि वर एक चावा.
पाट्यांवरच्या अक्षरांसाठी
या गावात काय काय झालं, मी बघत मोठा झालो.
हिला कुठल्याच भाषेत
भेंडी खायची नाही.

अक्कांनी चिठ्ठी पाठवली :
‘एका जागेला बसत नाही.’
वर कन्नड, खाली मराठी, मध्ये शिक्का.
सुवर्णानं ती वाचली,
घडी घातली,
आणि डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवली.
मशीन आता डुगडुगत नाही.

गुरुवारी मात्र
गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही तिनं कापली,
बाहुलीला शाल पाहिजे म्हणून.
जरीचं कापड, लग्न रविवारी.
सुवर्णा नुसतीच खाली बसली, हातात उरलेली बाही घेऊन.
मी डबल शिफ्ट करून आलेलो.
मी हात उचलला.

मारला नाही.
पण वर गेलेला तिनं बघितला.
आणि ती थांबली.
एकदम. आवाजासकट.
खोलीत कुकरची शिट्टी तेवढी झाली.
मला वाटलं होतं
अशी शांतता मला पाहिजेय.
ते बटण नव्हतं. मला कळतं बटण कुठलं आणि काय मोडतं ते,
रोज लोखंडच हाताळतो.

संध्याकाळी तिला गाडीवर पुढं उभी केली.
कुठं, ते ठरवलंच नव्हतं.
दुसऱ्या रेल्वे गेटाला फाटक पडलेलं.
मागं रिक्षा, दुधाच्या कॅनवाला, कॉलेजची पोरं, सगळी वैतागलेली.
ती नाही.
तिच्यासाठी जगात ताटकळण्यासारखी एकच गोष्ट आहे : मालगाडी.

आली. लोंढ्याकडनं, लाल धूळ पांघरून.
‘एक, दोन, मूरू, नाल्कू,
पाच, आरू, सात…’
मोजता मोजता तिची पाठ माझ्या छातीला टेकली.
पाखरासारखं काही आत धडधडत होतं,
तिचं का माझं, सांगता येणार नाही.
एकोणतीसनंतर परत एकवीस आले.
मी दुरुस्त केलं नाही.
‘तुझा हात लोखंडासारखा वास मारतोय,’ ती म्हणाली,
आणि तो हात तिनं हँडलवरच दाबून धरला,
स्वतःच्या दोन्ही हातांखाली.
मी ‘चुकलं माझं’ म्हणालो.
चाकांच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं काय, माहीत नाही.
परत म्हणायला पाहिजे. घरी. सावकाश.

शेवटच्या डब्यातल्या गार्डनं झेंडा हलवला.
तो आपल्यासाठीच, असं तिचं मत आहे.

फाटक निम्मं वर गेलं नाही तोवर
तिचा अंगठा हॉर्नवर.
‘चला की ओ!’
पुढचा सायकलवाला वळून बघायला लागला,
दुधाचे कॅन खणखणले,
अनगोळ येईपर्यंत तिनं अंगठा काढला नाही.
मीही काढायला लावला नाही.
बाहीचं काय करायचं
ते सुवर्णाला विचारत होतो मनात,
आणि हॉर्न वाजत होता.