सैल

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
लेझर यंत्र तासावर भाड्याने मिळतं.
माझे मंगळवारी सहा ते आठ.

तीन मिलिमीटरचं बर्चचं प्लायवूड.
हाताने वळवायला गेलं की
आपल्याकडच्या मानी माणसासारखं:
मोडेन पण वाकणार नाही.
आणि मोडतंच.

म्हणून रेघा.
विटांच्या सांध्यांसारख्या, अर्ध्याअर्ध्याने सरकलेल्या,
एक काठापर्यंत जाणारी, शेजारची अलीकडेच थांबणारी.
यंत्र त्या जाळत जातं, निळा ठिपका तुरुतुरु,
आणि परतीच्या बसमध्ये
माझ्या स्वेटरला चुलीचा वास येतो.

पहिल्या अकरा बांगड्या वाढल्या.
(फुटल्या म्हणवत नाही, जिभेला वळण लागलंय.)
बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्यात,
प्रत्येकीवर पेन्सिलीने कारण:
रेघा लांब लांब. रेघा फार दाट.
लाकडाचे तंतू आडवे. घाई. घाई.

बारावी इझोबेल गेडीससाठी.
खाली आता जिथे कॉफी मिळते
तिथे सतराव्या वर्षी ती बॉबिनं भरायची.
बोटांचे सांधे आता सुपारीएवढे,
लग्नातलं कडं वीस वर्षं कपाटात.
साबण लावून पाहिला, म्हणाली, तेलही.

फलटणच्या बाजारातला कासार
माझी मूठ कणकेसारखी मळायचा:
हात सैल सोड पोरी, सैल.
शिकायचं ते हाताने. काचेने कशाला?

इझोबेलच्या हाताने पुष्कळ शिकून झालंय.
मी दोन रेघांमधलं लाकूड
केसभर आणखी कमी केलं.

टोकं धरून उघडली तर पट्टी जवळजवळ सरळ झाली,
सांध्यांच्या वाटेला न जाता
बाजूनेच मनगटावर बसली.
लाकडाचीच गुंडी लावली.
तिने हात हलवला, कानाशी नेला.
वाजत नाही, म्हणाली, जराशी हिरमुसून.

मग कट्.
काठाजवळची एकच बारीक काडी.

तुटलं?
नाही, वाढलं, मी म्हणाले,
आणि मोडक्यातोडक्या शब्दांत समजावलं
की आमच्यात बांगडी तुटत नाही, वाढते.

तिने सगळी बोटं माझ्यासमोर पसरली.
आणि हे वाढलेत,
याला तुमच्यात काय म्हणतात?

आठला सात मिनिटं होती.
मी तेरावीची फाईल उघडली.