जोडपत्र ब

मंगळवार, साडेसहा. हॅझलट काउंटीचं शिक्षण मंडळ
माध्यमिक शाळेच्या वाचनालयात बसलंय,
कारण सभागृहाचं छत गळतं
आणि छताचा ठराव
जूनपासून पुढच्या सभेवर आहे.

पाच खुर्च्या, पाच पाट्या, पाण्याच्या पाच बाटल्या.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात;
इथे तो तीन विरुद्ध दोन असा बोलतो.

मी कोपऱ्यात. चिटणीस. एकोणीस वर्षं.
कोणी मांडलं, कोणी अनुमोदन दिलं,
किती हात वर गेले, एवढं लिहायचं.
हात थरथरला का,
असा रकाना नाही.

अधीक्षक पेनिक्स पडद्यावर तक्ता लावतात.
तिसरीची मुलं, नीट वाचू शकणारी: शंभरात एकतीस.
गेल्या वर्षी एकोणतीस.
"वाढ आहे," म्हणतात, आणि घोटभर पाणी पितात.
आमची तिसरी म्हणजे एकशे चव्वेचाळीस पोरं.
ती वाढ म्हणजे तीन पोरं.
त्यातल्या एकाला मी ओळखते,
किराणा दुकानात तो डब्यांवरचं सगळं
मोठ्यानं वाचत सुटतो, अगदी मिठाचं प्रमाणसुद्धा,
आणि त्याची आई त्याला गप्प करत नाही.

मग पैसा.
खाण आटली, तसा कोळशाचा कर आटला.
घरपट्टी, शंभर डॉलर किमतीमागे एकावन्न सेंट,
आणि किमती उतरतायत
माणसं गाव सोडतात त्याच वेगानं.
राज्य डोक्यामागे देतं. हजर डोक्यामागे.
फ्लूच्या आठवड्यात आम्ही आणखी गरीब होतो.
नोव्हेंबरात आणखी पाच सेंट मागितले होते,
अकरा मतांनी लोक नाही म्हणाले.
त्या अकरांत माझा सख्खा भाऊ आहे.
आम्ही अजून रविवारी एकत्र जेवतो.
सेंटचा विषय काढत नाही.

विषय क्रमांक सात.
लॉरेल फोर्क प्राथमिक शाळा बंद करणे.
पट अठ्ठ्याऐंशी. बचत चार लाख बारा हजार.

नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं.
टेबलावर दिवा: हिरवा, पिवळा, लाल.

डेल्मर फ्यूगेट उठला.
सव्वीस वर्षं सत्तेचाळीस नंबरची बस चालवतोय.
टोपी काढली. वाद घातला नाही.
वीजबिलाच्या लिफाफ्यावरून वाचू लागला:
"सहा वाजून दोन. पुलाजवळ, स्टॅम्परांची जुळी.
सहा नऊ. चर्चचा फाटा, एम्बर.
तिला पायरी उंच पडते, थांबायचं.
सहा सतरा. आजी टॉर्च दाखवते.
टॉर्च नसला तर पोर आजारी.
नवी शाळा एकोणीस मैल पुढे आहे.
म्हणजे पुलाजवळ किती वाजता यायचं,
ते तुम्हीच वजा करा, माझं गणित कच्चं."
सहा एकतीसवर असताना लाल लागला.
अध्यक्षा व्हर्ना टॅकेट यांनी हातोडा उचलला,
थोडा वेळ उचललेलाच ठेवला.
"धन्यवाद, डेल्मर."

व्हर्ना त्याच शाळेत शिकली. हात तिचाही वर गेला.
छत आहे, तीन शिक्षकांचे पगार आहेत,
दात कोरून कोणाचं पोट भरलंय.
तीन विरुद्ध दोन.

मी लिहिलं: एका नागरिकाने मत मांडले. ठराव मंजूर.
नियमात एवढंच बसतं.

खुर्च्या रचताना लिफाफा सापडला.
खाली दोन थांबे राहिले होते.
सहा अडतीस, मॅगर्ड भावंडं, कुत्रा बसमागे धावतो, जपून.
सहा चव्वेचाळीस, वरचं घर.
आता कोणी चढत नाही. सवयीनं थांबतो.

मी तो इतिवृत्ताला टाचला.
वर लिहिलं, जोडपत्र ब.
काढायचा असेल तर पुढच्या सभेत
कोणाला तरी हरकत घ्यावी लागेल, मोठ्यानं,
आणि त्या हरकतीला
कोणाला तरी अनुमोदन द्यावं लागेल.