चिमटे

कोपरखैरण्यात, पाण्याच्या टाकीमागे
आम्ही रविवारी दोरी बांधतो.
ज्याचं जे असेल ते
चिमट्याला.

आज तेलगोटे आले, रात्रपाळी उतरून तसेच.
खिशातून वीजबिल काढलं,
चार घड्यांचं.
पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीत
मीटररूम
आणि तिच्यात झोपलेलं मांजर.

कुणी वाहवा केली नाही.
निलोफर नुसती जवळ गेली.
"मिशा एकाच बाजूला?"
"दुसरी बाजू अंधारात होती," ते म्हणाले.
ती बराच वेळ
त्या अंधाराकडे बघत राहिली.

चिमटे संपले होते.
तिच्या जलरंगातल्या खाडीला दोन होते,
तिने एक सोडवला.

खाडी मग दिवसभर
एका कोपऱ्यावर लोंबत राहिली,
वारा आला की
मांजरापर्यंत जाऊन येत.